पहाटेचा दमा: आधी काय करायचं, मग काय

दमेकऱ्याच्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "दिवसा काही नाही हो, रात्रीच तेवढा त्रास होतो." बोलणाऱ्याचा सूर असा, की दिवसा काही नाही म्हणजे आजार बेताचाच आहे. डॉक्टर मात्र हेच वाक्य ऐकून सावध होतात. दमा आटोक्यात आहे की नाही हे बघायला ते गेल्या चार आठवड्यांबद्दल चार प्रश्न विचारतात. दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का? आराम देणारा पंप, म्हणजे इनहेलर, आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा घ्यावा लागला का? दम्यापायी एखादं काम टाळलंत का? आणि दम्यामुळे रात्री जाग आली का? पहिल्या दोन प्रश्नांत थोडी सूट आहे, रात्रीच्या प्रश्नात नाही. चार आठवड्यांत एकदा जरी जाग आली तरी उत्तर 'हो' धरतात. एक-दोन 'हो' आले की दमा अर्धवटच आटोक्यात, तीन-चार आले की हाताबाहेर.

अनेकांना याची इतकी सवय झालेली असते, की पहाटे उठून बसणं, दोन उशा पाठीशी घेणं, पंपाचे दोन झटके मारून पुन्हा डोळा लागायची वाट बघणं हा त्यांना रोजचा शिरस्ता वाटतो. तसं मानून चालू नका.

पुढे जे सांगितलंय त्यातला क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक घरांत तो उलटा लागतो. आधी एअर प्युरिफायर येतो, मग गादीचं महागडं कव्हर, मग कुणीतरी सांगितलेला काढा. रोजचा पंप सगळ्यात शेवटी, तोही 'गरज पडली तर'. औषध कोणतं आणि किती हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. बाकीचं पुष्कळसं आपल्या हातात असतं.

रात्रच का?

जॉन फ्लॉयर हे इंग्लंडमधले डॉक्टर स्वतः दमेकरी होते. धाप झोपेतून, मध्यरात्रीनंतर उठते हे त्यांनी १६९८ सालीच लिहून ठेवलं. आपल्या श्वासनळ्या दिवसभर सारख्या रुंद नसतात. दुपारी त्या सर्वांत मोकळ्या, पहाटे चारच्या सुमारास सर्वांत अरुंद. धडधाकट माणसाला हा फरक कळतही नाही. दमेकऱ्याच्या नळ्या आधीच सुजलेल्या, त्यामुळे तेवढ्यानेच छातीत सूं सूं सुरू होतं. रात्री शरीरातलं कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनलिन उतरतं. पहिलं सूज दाबून ठेवतं, दुसरं नळ्या मोकळ्या ठेवतं. त्याच वेळी नळ्या आवळणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर वाढतो.

२०२१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दमेकऱ्यांना मंद उजेडात, दिवसरात्र सारख्याच हालचालीत आणि सारख्याच खाण्यावर ठेवून पाहिलं. अंथरूण, अंधार आणि झोप यांचा हिशेब बाजूला काढला, तरी फुप्फुसांची ताकद रात्री घसरलीच. म्हणजे शरीराच्या घड्याळाचा स्वतःचा वाटा आहे, आणि तो गादी बदलून जाणार नाही. सूज कमी करणारं औषध नियमित घेतलं तरच ती रात्रीची घसरण सोसण्याइतपत राहते.

बाकीच्या गोष्टी यावर भर घालतात. आडवं झाल्यावर नाकातला स्राव घशात उतरतो, जठरातलं आम्ल वर येतं, तोंड गादीतल्या धुळीजवळ सात-आठ तास राहतं. शिवाय ॲलर्जीचा दुसरा झटका उशिरा येतो, साधारण चार ते आठ तासांनी. संध्याकाळी सातला माळा आवरला, दोन शिंका आल्या आणि गेल्या. खरा त्रास रात्री बारा-एकला सुरू होतो. तेव्हा माळा कुणाला आठवतो? दोष जातो रात्रीच्या दह्याला.

पहिलं काम: वही आणि पीक फ्लो मीटर

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन ते चार आठवडे एक साधी वही ठेवा. किती वाजता जाग आली, खोकल्याने आली की धापेने, पंप किती वेळा ओढला, किती वेळात बरं वाटलं, आणि आदल्या संध्याकाळी वेगळं काय घडलं होतं. एवढंच लिहा. "कधीकधी होतं" असं सांगणाऱ्यापेक्षा "अकरा तारखेपासून सहा रात्री, तीन ते पाचच्या दरम्यान" असं सांगणाऱ्या रुग्णाला डॉक्टर जास्त नेमकी मदत करू शकतात.

जमलं तर पीक फ्लो मीटर घ्या. प्लॅस्टिकची नळी, वर सरकणारा काटा, काही शे रुपयांत मिळते. उभं राहायचं, काटा शून्यावर आणायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एकदम जोरात फुंकायचं. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. सकाळी उठल्यावर पंप घेण्याआधी एकदा, संध्याकाळी एकदा.

समजा सकाळी ३१० आला आणि संध्याकाळी ३९०. फरक ८०, सरासरी ३५०, म्हणजे जवळजवळ २३ टक्के चढउतार. मोठ्या माणसात आठवडा-दोन आठवड्यांची अशी सरासरी १० टक्क्यांच्या वर राहिली, तर नळ्या प्रमाणाबाहेर हेलकावे खातायत असं समजतात. प्रकृती उत्तम असतानाचा तुमचा जो सर्वांत चांगला आकडा, त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असाल तर ठीक. ५० ते ८० मध्ये असाल तर डॉक्टरांनी दिलेल्या योजनेप्रमाणे औषध वाढवायचं. ५० च्या खाली गेलात तर दवाखाना गाठायचा. या मीटरचा खरा उपयोग असा, की अनेक वेळा धाप लागण्याच्या एक-दोन दिवस आधीच सकाळचा आकडा उतरू लागतो.

दुसरं काम: पंप कोणता, आणि तो पोचतो का

पंप दोन कामांचे असतात. सॅल्ब्युटामॉल किंवा लेव्होसॅल्ब्युटामॉलचा, अनेकदा निळ्या रंगाचा, लगेच आराम देतो. तो नळ्यांभोवतीचे स्नायू सैल करतो आणि चार-सहा तासांत उतरतो. सुजेला तो हातही लावत नाही. दुसरा रोजचा, त्यात श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉइड असतं, ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन. सूज तो कमी करतो, पण परिणाम दिसायला दिवस-आठवडे लागतात. म्हणूनच माणसं तो "काही फरक पडला नाही" म्हणून सोडतात आणि निळ्यावर राहतात.

औषधाच्या दुकानात संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहिलात तर हे दिसेल. कोणीतरी येतं, जुना रिकामा पंप काउंटरवर ठेवतं, "हाच द्या" म्हणतं, पैसे देतं, जातं. चिठ्ठी नाही, प्रश्न नाही. अशा एका पंपात साधारण २०० झटके असतात. वर्षाला असे तीन किंवा जास्त पंप संपत असतील, तर दम्याचा मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक संपत असेल तर जिवालाही धोका. दम्याच्या उपचारांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना देणारी 'जीना' ही संस्था २०१९ पासून सांगते आहे, की मोठ्यांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर राहू नये. सोबत स्टिरॉइड हवंच. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप रोजसाठी आणि त्रासाच्या वेळेसाठीही वापरता येतो. तुम्हाला तो चालेल का, हे डॉक्टरांना थेट विचारा.

स्टिरॉइड म्हटलं की घरातली मोठी माणसं बिचकतात. त्यांना मात्रेचा हिशेब दाखवा. पंपातून दिवसाला जाणारं ब्युडेसोनाइड अनेकांच्या बाबतीत २०० ते ४०० मायक्रोग्रॅम असतं. दमा बिघडून गोळ्या घ्यायची वेळ आली, तर प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमपर्यंत दिलं जातं, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी आहेत, त्यामुळे आकडे सरळ तोलता येत नाहीत, तरी अंदाज येतो. पंप टाळणारा माणूस वर्षातून दोन-तीनदा त्या गोळ्यांवर जातो, आणि स्टिरॉइडला भिऊन स्टिरॉइडच जास्त खातो. "पंपाची सवय लागते" हे तर निव्वळ खोटं आहे. चष्मा सुटत नाही म्हणून कुणी डोळ्यांना चष्म्याचं व्यसन लागलं म्हणत नाही.

आता पद्धत. माझ्या मते रात्रीच्या दम्याचं निम्मं दुखणं इथंच आहे. दाबायचा पंप असेल तर तो हलवा. श्वास पूर्ण बाहेर सोडा. ओठ घट्ट मिटा. हळू श्वास आत ओढायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी दाबा. चार-पाच सेकंद सावकाश ओढत राहा. मग दहा सेकंद श्वास रोखा. दुसरा झटका घ्यायचा तर अर्धा-एक मिनिट थांबा. दाबणं आणि ओढणं एका वेळी जमत नाही ही सर्रास अडचण असते. औषध मग जिभेवर आणि टाळ्यावर बसतं, तोंड कडवट लागतं आणि रुग्णाला वाटतं औषध पोचलं. यावर उपाय स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी. औषध आधी तिच्यात साठतं, मग सावकाश ओढता येतं. तो लहान मुलांचा किंवा म्हाताऱ्यांचा म्हणून बाजूला ठेवू नका. प्लॅस्टिकचा स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच हवेवर वाळू द्या. फडक्याने पुसला तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

कॅप्सूल टाकून ओढायचं साधन, आपल्याकडे ज्याला सरसकट रोटाहेलर म्हणतात, त्याचं तंत्र नेमकं उलटं. इथं सुरुवातीपासून जोरात आणि खोल ओढावं लागतं. म्हणून धाप लागलेली असताना ते कमी भरवशाचं. पावसाळ्यात कॅप्सूल ओल धरते आणि पावडर गोळा होते. म्हणून कॅप्सूल घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढा आणि न्हाणीघरात ठेवू नका.

दोन्ही प्रकारांत नंतर खळखळून चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात आणि आवाज बसतो. रात्रीचा पंप दात घासण्याच्या अगदी आधी घ्यायची सवय लावली की चूळ आपोआप भरली जाते आणि डोसही चुकत नाही.

पंपात किती औषध उरलंय ते कळण्यासाठी डोस मोजणारी खिडकी असलेला पंप घ्या. नसेल तर चालू केल्याची तारीख मार्करने अंगावर लिहा. डबी पाण्यात टाकून तरंगते का बघायची युक्ती भरवशाची नाही, आणि झटका मारल्यावर फुस्स आवाज येणं म्हणजे औषध येणं नव्हे. आवाज नुसत्या गॅसचाही येतो.

डोसची वेळ मनाने बदलू नका. २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या पंचवीसेक रुग्णांच्या छोट्या अभ्यासात दुपारी तीन-चारच्या सुमारास घेतलेल्या स्टिरॉइडने रात्रीची घसरण सकाळच्या डोसपेक्षा चांगली थोपवलेली दिसली. विषय मोठा रंजक आहे, पण एवढ्यावरून कोणी वेळापत्रक बदलू नये. डॉक्टरांशी बोलायला मात्र हरकत नाही.

'ॲलर्जीची रात्रीची गोळी' म्हणून मॉन्टेल्युकास्ट अनेकांना वर्षानुवर्षं चालू असते. वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, झोप उडणं हे तिचे दुष्परिणाम काही जणांत दिसतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये तिच्यावर याबद्दलचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मूल रात्री दचकून उठत असेल, तर दम्याबरोबर या गोळीचाही विचार डॉक्टरांना करू द्या.

तिसरं काम: झोपायची खोली

दिवाळीच्या आसपास पहिली थंडी पडते आणि माळ्यावरची गोधडी खाली येते. आठ-नऊ महिने पिशवीत बंद, मधे एक अख्खा पावसाळा, आणि कोपऱ्यात डांबरगोळ्या. झटकली, अंगावर घेतली. रात्री दोनला छाती भरली. त्यात धूलिकण-माइट, बुरशी आणि डांबरगोळीचा वास असं तिन्ही एकदम असतं. त्या रात्री गोधडी घेऊ नका. आधी कडक उन्हात टाका, दुसऱ्याने झटकू द्या, धुता येईल तर धुवा. मगच घ्या.

माइट म्हणजे धुळीत राहणारे बारीक किडे, ते डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाच्या कातडीच्या कोंड्यावर जगतात, दमट हवेत फोफावतात. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली तर त्यांना जगणं कठीण होतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते निसर्गच करतो. कोकण, मुंबई, गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता ऐंशीच्या पुढे असते, तिथे आपल्याला कष्ट घ्यावे लागतात. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात धुवा. गार पाण्याने मळ जातो, माइट मरत नाहीत. कापसाची गादी असेल तर ऊन पडेल तेव्हा दोन्ही बाजूंनी तापवा. जाड रजईपेक्षा दर आठवड्याला धुता येईल अशी सोलापुरी चादर, हवी तर दोन, केव्हाही बरी.

घट्ट विणीची आवरणं माइट अडवतात हे खरं. पण एकटं आवरण घालून मोठ्या माणसांच्या दम्यात फारसा फरक पडलेला दिसत नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी औषधावर आणि स्पेसरवर खर्च करा. हीच गोष्ट एअर प्युरिफायरची. माइटचा कचरा जड असतो, तो हवेत तरंगत नाही, गादीत बसतो. प्युरिफायर रस्त्याकडेच्या धुळीला किंवा धुराला थोडा उपयोगी, अंथरुणाला नाही.

धुराचं मात्र कडक धोरण ठेवा. डासांची कॉइल एकदा पूर्ण जळली की तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले, असं २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. तीच कॉइल आपण बंद खोलीत, पलंगाखाली, रात्रभर लावतो. मच्छरदाणीइतका स्वस्त आणि निर्धोक उपाय दुसरा नाही. उदबत्ती, धूप आणि कापूर देवघरापुरते ठेवा, खिडकी उघडून, झोपायच्या कितीतरी आधी. आजी ऐकत नसतील तर बत्ती एकच आणि दार बंद, एवढ्यावर तडजोड करा.

केर संध्याकाळी काढू नका. उशिराच्या झटक्याचं गणित वर आलंच आहे. सकाळी काढा, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने, आणि शक्यतो दमेकऱ्याने नाही. पंख्याच्या पात्यांवरची धूळ महिन्यातून एकदा ओल्या कपड्याने पुसा. एसीची जाळी धुवा, गार झोत थेट तोंडावर घेऊ नका. भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले असतील तर वरून रंग मारून उपयोग नाही, गळती शोधावी लागते. झुरळांचीही ॲलर्जी असते, तेव्हा रात्री खरकटं उघडं ठेवू नका आणि फवारणी केलीत तर त्या खोलीत त्या रात्री झोपू नका. खिडकीत कबुतरं असतील तर जाळी लावा. त्यांच्या विष्ठेने होणारा फुप्फुसाचा एक आजार दम्यासारखाच भासतो, पण वेगळा आणि जास्त गंभीर असतो.

पोट, नाक आणि इतर औषधं

जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी. रात्री दहाला मिसळ आणि साडेदहाला आडवं, यात दम्याचा काय दोष? छातीत जळजळ होत असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू पंधरा-वीस सेंटिमीटर उचला. जास्त उशा घेऊन मान वाकते, पोट दबतं, उपयोग होत नाही. जळजळ नसताना मात्र 'दम्यासाठी' म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊ नका. त्याने दमा सुधारत नाही.

नाक चोंदलेलं असेल तर त्याचा वेगळा उपचार घ्या. नाक बरं झालं की रात्रीचा खोकला अनेकदा कमी होतो. घोरणं जोरात असेल, मधेच श्वास अडकत असेल, दिवसा पेंगुळल्यासारखं होत असेल, तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी सांगा. वजन जास्त असलेल्यांत दमा आणि हा त्रास जोडीने राहतात.

घरातल्या औषधांचा डबा उघडून बघा. काचबिंदूसाठी रात्री डोळ्यांत टाकायचे टिमोलॉलचे थेंब दमा भडकवू शकतात, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना आपण दम्याबद्दल सांगितलेलंच नसतं. प्रोप्रॅनोलॉलही तसंच. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी काही दमेकऱ्यांना जोराचा झटका येतो. त्यांच्यासाठी अंगदुखीवर पॅरासिटामॉल सहसा सुरक्षित. रॅमिप्रिल किंवा एनॅलॅप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, तो दमा समजून पंप वाढवला जातो. यातलं कोणतंही औषध परस्पर बंद करू नका. लिहून घ्या आणि दाखवा.

दमाच आहे ना?

साठीच्या पुढे पहिल्यांदाच रात्री धाप लागू लागली, पाय सुजतात, दोन उशांशिवाय झोपता येत नाही, तर आधी हृदय तपासा. हृदय थकल्यावर फुप्फुसात पाणी साठतं आणि त्यातही छातीत घरघर ऐकू येते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, ताप किंवा वजन उतरणं असेल, तर क्षयाची थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या हत्तीरोगाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी किंवा राहून आलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हत्तीरोगाच्या जंतांमुळे फुप्फुसांचा एक आजार होतो, ज्यात खोकल्याची उबळ मुख्यतः रात्रीच येते आणि रक्तातल्या इओसिनोफिल पेशी खूप वाढतात. तो दमा समजून वर्षानुवर्षं पंप दिले जातात. खरं तर हत्तीरोगावरच्या डीईसी या औषधाच्या गोळ्यांनी तो बरा होतो.

पहाटे तीनला झटका आला तर

हा भाग कागदावर उतरवून पलंगाशेजारी लावा. घरातल्या दुसऱ्या माणसाला दिवसा एकदा करून दाखवा, कारण धाप लागलेल्याला बोलता येत नाही.

१. दिवा लावा, उठून बसवा, किंचित पुढे झुकवा. आडवं करू नका. गळ्याभोवतीचे कपडे सैल करा.

२. सॅल्ब्युटामॉलचा पंप स्पेसरमधून. एक झटका, मग स्पेसरमधून चार श्वास. असे एकामागून एक चार झटके.

३. चार मिनिटं थांबा. घड्याळ बघा, अंदाजाने नको.

४. आराम नाही? पुन्हा चार झटके तसेच.

५. तरीही नाही, तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार झटके देत राहा.

ज्यांना ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल पंप त्रासाच्या वेळेसाठी दिलाय, त्यांनी तोच घ्यायचा, डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत. स्पेसर नसेल तर पंप थेट घ्या, शोधत बसू नका.

चार मिनिटं न थांबता ताबडतोब निघायची लक्षणं ही: एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर, बरगड्यांमधली कातडी आत खेचली जाते, माणूस गुंगीत किंवा बरळतोय, ऑक्सिमीटरवर आकडा ९२ च्या खाली. सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे शिट्टी एकाएकी थांबणं. धाप तशीच आणि छाती शांत, याचा अर्थ आत हवाच शिरत नाही. ऑक्सिमीटरवर ९६ दिसला म्हणून वरची लक्षणं दुर्लक्षू नका. ऑक्सिजन उशिरा उतरतो.

झोपेची गोळी किंवा गुंगी आणणारं खोकल्याचं औषध या वेळी अजिबात देऊ नका. नाकाखाली बाम चोळू नका. गरम पाण्याची वाफ नळ्या उघडत नाही, आणि रात्रीच्या घाईत पातेलं कलंडून माणसं भाजतात.

आराम पडला तरी लगेच दिवा मालवू नका, अर्धा-एक तास बघा. तीन-चार तासांच्या आत पुन्हा पंप लागला तर त्याच रात्री दवाखान्यात जा. आणि झटका घरीच आटोपला असला, तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना भेटा.

काही प्रचलित उपायांबद्दल

कोजागिरीला दम्याचं औषध खिरीतून द्यायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. मृगाच्या सुमारास हैदराबादला जिवंत मासळीतून औषध घ्यायलाही इकडून माणसं जातात. कोणाच्या श्रद्धेवर बोलायचं नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, "औषध घेतलं, आता पंप बंद" असं पथ्य सांगितलं जातं, आणि पंप अचानक बंद केला की काही आठवड्यांत झटका येऊ शकतो. दोन, कोजागिरीची रात्र उघड्या मैदानावर, दवात जागून काढायची, हे दमेकऱ्यासाठी अवघडच. जायचं असेल तर पंप खिशात ठेवून जा आणि रोजचा डोस चुकवू नका. केळं, दही आणि भाताबद्दल एवढंच, की तुमच्या वहीत त्यांचा संबंध वारंवार दिसला तर टाळा, नाहीतर खुशाल खा.

लहान मुलं आणि रात्रीचा प्रवास

मुलांमध्ये अनेकदा धाप दिसतच नाही, नुसता रात्रीचा कोरडा खोकला असतो, खोकून उलटी होते आणि मूल पुन्हा झोपतं. सर्दी नसताना असं होत असेल तर 'बाळदमा आहे, मोठा झाला की जाईल' म्हणून वाट बघू नका. चारेक वर्षांपर्यंत मास्क लावलेला स्पेसर वापरा. मूल रडत असताना औषध आत जात नाही, शांत झाल्यावर द्या. मऊ खेळणी एकच ठेवा आणि ती धुता येणारी.

गर्भवतींनी पंप सोडू नये. पोटातल्या बाळाला पंपापेक्षा आईच्या धापेचा धोका जास्त.

रात्रीच्या गाडीने निघालात तर पंप आणि स्पेसर हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत गेलेल्या बॅगेत नको. स्लीपरमध्ये मिळणारं ब्लँकेट तोंडाजवळ घेऊ नका, घरची चादर न्या. एसीचा झरोका आपल्यावरून वळवा. आणि शेजारच्या बर्थवर जो कोणी सोबत असेल, त्याला निघतानाच सांगून ठेवा की पंप कोणत्या कप्प्यात आहे.